डिसेंबर कोरडा चाललाय, पावसाची वाट पाहावी की तळ्यातलं पाणी आत्ताच द्यावं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात चार एकर मध्यम काळी जमीन. दोन एकर मालदांडी ज्वारी 10 ऑक्टोबरला पेरलेली, दोन एकर हरभरा 20 ऑक्टोबरला. परतीचा पाऊस निम्म्यावरच थांबला आणि त्यानंतर थेंब नाही. आता डिसेंबरचा पहिला आठवडा आहे. ज्वारी पोटरीत आलीय (कणीस अजून वरच्या पानाच्या आवरणात आहे), हरभऱ्याला फुलं लागलीत, जमिनीला भेगा पडायला लागल्यात. 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात, ज्याला अस्तर नाही, तीन फूट पाणी उरलंय. तुषार संच घरचा आहे. तुम्ही लिहिलंय, "रोज संध्याकाळी आभाळाकडे बघतो. एक पाऊस झाला तर सगळं सावरेल. तोवर तळ्यातलं पाणी राखून ठेवावं आणि पाऊस आलाच नाही तर जानेवारीत द्यावं, असं मनात आहे."

पावसाने ओढ दिली की आभाळाकडे डोळे लागणारच. पण तुमच्यासमोर खरा निर्णय पावसाचा नाही, तळ्यातल्या पाण्याच्या तारखेचा आहे. माझं मत आधीच सांगतो: पाणी राखू नका, याच आठवड्यात द्या. कारणं आणि हिशेब खाली देतो, कारण तुमच्या रानाची खोली मला दिसत नाही आणि एक-दोन गोष्टी तुम्हालाच तपासून ठरवाव्या लागतील.

आधी पावसाबद्दल. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मोसमी वारे महाराष्ट्रातून बाहेर पडतात. त्यानंतर आपल्याकडे ईशान्येकडून, जमिनीवरून येणारा कोरडा वारा असतो. वरच्या थरातली हवा खाली दबत असते, त्यामुळे ढग वाढायला वावच मिळत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो तो मुख्यतः तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे. आपल्यापर्यंत त्यातलं काही पोचायचं तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा वादळ तयार होऊन त्याची दिशा जुळून यावी लागते. उत्तरेत हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ बहुतेक वेळा आपल्या उत्तरेकडूनच निघून जातात. आणि खाली उतरलेच तर नुसता पाऊस आणतील याची खात्री नसते. 2014 च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट आठवत असेलच. कृत्रिम पावसाचाही कुणी विषय काढतं. त्यालाही आधी पाण्याने भरलेले ढग लागतात. सोलापूर भागात झालेले प्रयोग पावसाळ्यातल्या ढगांवरचे होते, डिसेंबरच्या निरभ्र आकाशात बीज पेरायला ढगच नसतो.

आता समजा पाऊस आलाच. हवामान खात्याच्या भाषेत "हलका पाऊस" म्हणजे 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर, "मध्यम" म्हणजे 15.6 ते 64.4. थंडीत अंदाजात बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी हलका" एवढंच असतं. धरून चालू की 10 मिलिमीटर पडला. कोरड्या झालेल्या काळ्या मातीत 10 मिलिमीटर पाणी साधारण 5 सेंटिमीटरच खाली उतरतं. पोटरीतल्या ज्वारीची कामाची मुळं त्याच्या बरीच खाली आहेत. वरचे हे पाच सेंटिमीटर दोन-तीन दिवसांच्या उन्हावाऱ्यात पुन्हा सुकतात. शिवाय या अवस्थेतलं पीक दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी वापरतं, म्हणजे सगळंच्या सगळं मुळांना मिळालं तरी ती तीन दिवसांची सोय झाली. दवाचं म्हणाल तर चांगल्या दवाच्या रात्रीही अर्धा मिलिमीटर जमत नाही. हरभऱ्याला त्याने थोडा तजेला येतो, जमिनीची ओल त्याने भरून निघत नाही.

आपली रब्बी उभी राहते ती उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने जमिनीत साठवलेल्या ओलीवर. ती ओल किती उरलीय हे बघितल्याशिवाय कुठलाच सल्ला खरा नाही. म्हणून पहिलं काम उद्या सकाळी करा. ज्वारीत दोन आणि हरभऱ्यात दोन ठिकाणी, एक उंचावर आणि एक सखल भागात, टिकाव-पहारीने दोन फुटांचा खड्डा घ्या. भेगेच्या जागी नको, दोन भेगांच्या मधल्या जागी घ्या. एक फूट आणि दोन फूट खोलीवरची माती मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला, बोटाने दाबल्यावर चपटा होतो पण फुटत नाही, तळहाताला गार लागतो, तर तिथे वापरता येणारी ओल आहे. गोळा होतो पण दाबल्यावर कडेने चिरतो, तर निम्म्याहून कमी उरलीय. ढेकूळ फुटून भुगा होतो किंवा माती दगडासारखी निघते, तर त्या थरातून पिकाला काही मिळत नाही. खणताना मुरूम किती खोलीवर लागतो तेही टेप लावून लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर आहे.

कारण असं की साधारण 60 सेंटिमीटर खोलीची काळी जमीन पूर्ण भरलेली असताना पिकाला 100 ते 120 मिलिमीटर पाणी देऊ शकते. 90 सेंटिमीटरच्या वर खोल असेल तर 150 ते 200. तुमच्याकडे परतीचा पाऊस निम्म्यावर थांबला, म्हणजे ती पूर्ण भरलीच नव्हती. मालदांडीला अजून जवळपास दोन महिने काढायचेत. दोन फुटांवर ओल असेल तर ती ताण सोसून दाणा भरेल, ही जातच त्यासाठी ओळखली जाते. एक फुटावर भुगा आणि दोन फुटांवर मुरूम असेल तर नुसत्या ओलीवर कणीस भरणार नाही.

आता तळ्याचा हिशेब. बाजूंना 1:1 उतार धरला तर तुमच्या तळ्याचा तळ 24 × 24 मीटर येतो. तीन फूट पाणी म्हणजे सुमारे साडेपाच लाख लिटर. तळाचा गाळ आणि पंपाच्या फूटव्हॉल्वला न ओढता येणारं पाणी वजा केलं तर हाताशी पाच लाख धरा. पाण्याचा पृष्ठभाग साडेसहाशे चौरस मीटरच्या वर आहे. दिवसाला 4 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी रोज अडीच हजार लिटरच्या वर उडून जातं. अस्तर नसल्यामुळे झिरपा वेगळा, आणि तो किती हे बघायला सोपं आहे: कडेला खुणेची काठी रोवा आणि चार दिवसांत पातळी किती मिलिमीटर उतरली ते पाहा. त्यातून 16 मिलिमीटर वजा केले की राहिलेला तुमचा झिरपा. जानेवारीपर्यंत थांबलात तर नुसत्या बाष्पीभवनात लाखभर लिटर जाईल आणि झिरप्यात त्याहून जास्त जाण्याचीच शक्यता आहे. राखून ठेवलेलं पाणी राखलं जात नाही, हे पहिलं कारण.

दुसरं कारण पिकाच्या वयाचं. ज्वारीच्या पाण्याच्या नाजूक अवस्था चार: 28 ते 30 दिवस जोमदार वाढ, 50 ते 55 दिवस पोटरी, 70 ते 75 दिवस फुलोरा, 90 ते 95 दिवस दाणे भरणं. तुमची ज्वारी आता 55 दिवसांच्या आसपास आहे. पोटरीत ताण बसला तर कणीस नीट निसवत नाही, पोटरीतच अडकतं, आणि कणसात दाण्यांची संख्याच कमी धरते. ती नंतर कितीही पाणी दिलं तरी वाढत नाही. हरभऱ्याचं तसंच. कोरडवाहू हरभऱ्याला एकच पाणी द्यायचं तर ते फुलोरा येताना, 40 ते 45 दिवसांनी द्यायचं, आणि तुमचा हरभरा नेमका तिथे आहे. जानेवारीत दोन्ही पिकांना पाणी दिलंत तर झाड हिरवं दिसेल, समाधान वाटेल, पण उत्पादनाची वेळ निघून गेलेली असेल.

पाच लाख लिटरमध्ये किती भिजतं? एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर. एका पाण्यात 40 मिलिमीटर द्यायचं, म्हणजे एकरी 1 लाख 60 हजार. याहून कमी दिलं तर पाणी वरच्या थरातच अडकतं आणि खालच्या ओलीला जाऊन भिडत नाही. 15-20 मिलिमीटर चार एकरांवर पसरून देण्याचा मोह होतो, पण त्यातलं निम्मं उन्हाने जातं. तीन एकर नीट भिजतील असं पाणी आहे, चौथ्याला पुरणार नाही. मी असं वाटेन: हरभऱ्याच्या दोन्ही एकरांना पहिलं पाणी, कारण एका पाण्याला तो सगळ्यात चांगला प्रतिसाद देतो. उरलेलं ज्वारीच्या एका एकराला. कोणता एकर, हे तुमच्या खड्ड्यांवर ठरेल. दोन फुटांवर ओल असलेला खोल भाग तसाच सोडा, तो स्वतःला सांभाळेल. दीड-दोन फूट माती आहे पण खालची ओल ओसरत चाललीय, तिथे पाणी द्या. मुरूम फुटावर लागत असेल तर तिथे पाणी घालू नका, त्या तुकड्याचं काय करायचं ते खाली सांगतो.

देण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. भेगाळलेल्या रानात मोकाट पाणी सोडलंत तर ते भेगांतून खोल उतरतं आणि दांडाच्या तोंडापाशीच तळं रिकामं होतं. तुषारनेच द्या. 12 × 12 मीटरवर नोझल ठेवलं की एकरात 28 जागा येतात. पाच अश्वशक्तीच्या पंपावर एका वेळी 10 नोझल धरा, म्हणजे एकराला तीन पाळ्या. नोझल तासाला 1,800 लिटर फेकत असेल तर तासाला साधारण साडेबारा मिलिमीटर पडतात, म्हणजे 40 मिलिमीटरला सव्वातीन तास. पण यावर विसंबू नका, दाब कमी असला की हा आकडा बदलतो. सरळ कडांचे चार रिकामे डबे नोझलपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवा, तासाभराने पट्टीने मोजा आणि चारांची सरासरी काढा. त्यावरून वेळ ठरवा.

इथे हमखास होणाऱ्या चुका सांगतो. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि जिरण्याचा वेग एकदम पडतो. तास-दीड तासानंतर पाणी साचून उताराला वाहायला लागलं तर संच थांबवा, दुसऱ्या पाळीवर न्या आणि उरलेलं पाणी चार-पाच तासांनी परत येऊन द्या. वारा असताना तुषार चालवू नका, पहाटे ते सकाळी दहा ही वेळ उत्तम, वीज रात्रीची असेल तर रात्री. ज्वारीत नेहमीचा अडीच फुटी उभा पाइप चालत नाही, पाणी ताटांवर आपटून नोझलभोवतीच पडतं. पिकाच्या वर जाईल असा, पाच-सहा फुटी पाइप लावून त्याला काठीचा आधार द्या. ज्वारीचं पाणी निसवायच्या आत संपवा, फुलोऱ्यात सकाळी वरून पाणी पडलं की परागकण धुतले जातात. हरभऱ्यात 40 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. जास्त पाण्याने तो नुसता शाखा-पानांवर जातो, आणि सखल भागात पाणी साचलं तर झाडं उभळतात, म्हणजे उभी वाळतात.

पाणी न मिळणाऱ्या ज्वारीत ओल धरून ठेवायचं काम राहतं. पहिली कोळपणी पेरणीनंतर तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने, ही शिफारस तुम्हाला माहीत असेल. तुमची आता तिसऱ्याची वेळ आहे. ताटं मोडणार नाहीत एवढी वाट असेल तर बैलांना मुसकी घालून दातेरी कोळपं चालवा, दोन इंचांपेक्षा खोल नको. हेतू एकच, भेगा मातीने बुजवणं, कारण भेग म्हणजे खोलवरच्या ओलीला वाऱ्याची वाट. मात्र रान इतकं टणक असेल की कोळप्याने मोठी ढेकळं उचलली जातायत, तर थांबा. त्याने मुळं तुटतात आणि ओल जास्त उघडी पडते. अशा ठिकाणी खुरप्याने वरची मऊ माती भेगांत ओढा. हरभऱ्यात आता कोळपं घालू नका, फुलं झडतील.

ओळींमध्ये तुरीची काटकं, जुनी सरमडं, गव्हाचं काड, जे असेल ते एकरी दोन टन पसरलं तर चांगला फरक पडतो. हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केलं असतं तर जास्त फायदा झाला असता, तरी आता पाणी दिलेल्या एकरावर पाण्यानंतर वाफसा येताच करा, दिलेलं पाणी टिकेल. ज्वारी दाट असेल, 45 × 15 सेंटिमीटरपेक्षा जवळ, तर कमजोर, बारीक ताटं उपटा. एका ताटाच्या वाट्याला जास्त ओल येते. तळाची पिवळी पानं काढली तरी चालतात, वरच्या हिरव्या पानांना हात लावू नका, दाणा तीच भरतात.

फवारणीबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. हरभऱ्याला फुलोऱ्यात 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, किंवा त्याऐवजी पुढे घाटे भरताना 2 टक्के पोटॅशियम नायट्रेट, त्याच प्रमाणात, या फवारण्या उपयोगाच्या आहेत. पण झाड दुपारी मान टाकत असेल त्या वेळी मारू नका, पानं करपतात. सकाळी पानं ताठ असताना मारा. केओलिन ही पांढऱ्या मातीची भुकटी, 8 टक्के (10 लिटरला 800 ग्रॅम), पानांवर पांढरा थर करून बाष्पीभवन कमी करतं. ते वस्त्रगाळ करून सतत ढवळत मारावं लागतं, नाहीतर पंप तुंबतो. छातीएवढ्या ज्वारीत हा खटाटोप मोठा आहे, मी तिथला वेळ भेगा बुजवण्यात घालवेन. आणि कोरड्या रानात ज्वारीला युरियाचा हप्ता आता टाकू नका. ताण, वाढीव नत्र आणि दाट पेर एकत्र आले की दाणे भरताना खडखड्या रोग येतो. बुंधा आतून पोकळ होतो आणि ताटं आडवी पडतात.

तरीही मळभ आलं तर काय? पुढच्या दोन-तीन दिवसांत तुमच्या जिल्ह्याला 20 मिलिमीटरच्या वर अंदाज असेल तर तुषार थांबवा, एवढ्यासाठीच थांबायचं. हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो पाहा. पाच-सात मिलिमीटरच्या अंदाजावर पाणी अडवून धरू नका. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटे अळी झपाट्याने वाढते. एकराला दोन कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) आत्ताच लावा, रोज सकाळी ओळीत बसून शेंडे पाहा, आणि सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क मारा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसायला लागल्या तर न थांबता पुढचा उपाय करा. ज्वारीचं म्हणाल तर हुरड्याच्या पुढे दाणा टणक होताना पडलेला पाऊस दाणा काळा करतो आणि कडबाही खराब करतो. ज्या पावसाची तुम्ही आज आस धरून आहात तोच जानेवारीअखेर आला तर नको होईल, हे मनात असू द्या.

फुटावर मुरूम लागणारा तुकडा कणसासाठी धरू नका. तिथे वैरण धरा. पण घाई करून आज हिरवी कापून जनावरांपुढे टाकू नका. ताणातल्या, न निसवलेल्या ज्वारीत, आणि विशेषतः तिच्या नव्या फुटव्यांत, हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होण्याइतकं प्रमाण असू शकतं. निसवून फुलोऱ्यात येऊ द्या, मग कापा, दोन-तीन दिवस उन्हात नीट सुकवा आणि थोडीथोडी इतर वैरणीत मिसळून द्या. पावसाच्या आशेने तोच तुकडा फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवला तर कणीसही नाही आणि पानं झडून कडबाही नाही, असं होतं. तो फुलोऱ्यात दम टाकतोय असं दिसलं की त्याच दिवशी निर्णय घ्या.

पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी आत्ता लिहून ठेवा, कारण जूनमध्ये विसरायला होतं. रब्बीचं रान पावसाळ्यात मोकळं असतं तेव्हा, जुलैतच, उताराप्रमाणे 10 × 10 मीटरपर्यंतचे बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी बांध असलेले चौकोन, पाडा. पडेल तो पाऊस जागीच मुरतो आणि पेरणीला खोल ओल मिळते. आणि सगळ्या रानाला मालदांडी नको. खोल भागाला फुले वसुधा, मध्यम भागाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, हलक्या भागाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, आणि पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या खिडकीत शक्य तितकी आधी. हलक्या रानात उशिरा पेरलेली ज्वारी डिसेंबरात नेहमीच अशी अडकते. तळ्याला अस्तर घालता आलं तर झिरप्यातलं पाणी वाचून चौथा एकरही भिजेल.

खड्डे घेतले की चारही ठिकाणची ओल, मुरमाची खोली आणि खुणेच्या काठीवर चार दिवसांत उतरलेली पातळी इथेच कळवा. ज्वारीचा कोणता एकर भिजवायचा ते त्यावरून नक्की सांगता येईल. हरभऱ्याचं पाणी मात्र त्यासाठी थांबवू नका, ते उद्यापासूनच सुरू करा.